रुमालाखालचा भाव

ऑनलाइन सट्ट्याविषयी आपल्याकडे सध्या जो वाद चालतो, तो दोनच टोकांवरून चालतो. एक पक्ष म्हणतो, संसदेने बंदीचा कायदा केला, आता विषय संपला. उरली ती पोलिसांची अंमलबजावणी. दुसरा पक्ष म्हणतो, सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे हे सरकारने सांगू नये, आणि लोक खेळणारच असतील तर निदान बरे कोणते आणि वाईट कोणते हे सांगणारी परीक्षणे तरी त्यांच्या हाती असावीत. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मागे या विषयावर दोन तास चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे वक्ते तळमळीने बोलले. पण ज्या मजकुरामुळे एखादा मुलगा पहिले पाचशे रुपये भरतो, त्या मजकुराबद्दल दोन तासांत कोणी एक वाक्यही बोलले नाही. तो कोण लिहितो, त्याला पैसे कोण देतो आणि नेमके कशाचे देतो, हे प्रश्न कोणाला पडलेच नाहीत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्या लेखकाची कमाई वाचकाच्या हरण्यावर अवलंबून आहे, त्याच्या लेखाला परीक्षण म्हणणे हीच मुळात फसवणूक आहे. ती जाहिरात आहे. तिच्या माथ्यावर 'जाहिरात' हा शब्द मराठीत, ठळक आणि पहिल्या ओळीत असला पाहिजे, आणि ज्या प्रकाशनाला तो शब्द छापणे परवडत नसेल त्याने तो मजकूर घेऊ नये. यावर कोणी म्हणेल की जाहिरात म्हटले की ती नव्या कायद्याने गुन्हाच ठरते, मग तसे कोण लिहील? नेमके तेच माझे म्हणणे आहे. जाहिरात म्हणता येत नाही, म्हणूनच तिला परीक्षण म्हटले जाते.

मी सोलापुरातल्या एका दैनिकाच्या उपसंपादक विभागात वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. त्या काळातला एक वाद मला अजून आठवतो. बातमीच्या थाटात मांडलेला, तीन स्तंभांचा, फोटोसह असा एखाद्या विक्रेत्याचा मजकूर जाहिरात विभागाकडून यायचा आणि त्याच्या खाली कोपऱ्यात कंसात 'जाहिरात' असे लिहायचे असायचे. तो शब्द किती पॉइंटात, म्हणजे किती मोठ्या अक्षरात, लावायचा यावर आमची दर दिवाळीला भांडणे होत. जाहिरात विभागाला तो सहा पॉइंटात हवा असे, आम्हाला निदान मजकुराइतका. बहुतेक वेळा आम्ही हरलो. तरीही तो शब्द कधी पूर्ण काढला गेला नाही, कारण तो काढला तर आपण वाचकाशी खोटे बोलतो आहोत हे पैसे मोजणाऱ्या व्यवस्थापनालाही कळत होते. आज मोबाइलवर मी जी 'परीक्षणे' वाचतो, त्यांत तो सहा पॉइंटातला शब्दसुद्धा उरलेला नाही.

ज्यांनी असा मजकूर पाहिला नाही त्यांच्यासाठी तो थोडा जवळून दाखवतो. शीर्षक 'भारतातील सर्वोत्तम पाच क्रिकेट बेटिंग ॲप' अशा धाटणीचे. खाली तक्ता, तक्त्यात तारे: ४.९, ४.८, ४.८, ४.७. साडेतीनच्या खाली कोणी नाही. 'पूर्ण परवानाधारक' असा शिक्का, आणि परवाना कोणाचा, तर कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाचा. सोलापूरच्या माणसाचे पैसे अडकले तर त्या बेटावर तो दाद कशी मागणार, याबद्दल एक अक्षर नाही. फायदे सात, तोटे दोन, आणि तोटे असे की 'फोनवरून मदत मिळत नाही' किंवा 'आयफोनसाठी वेगळे ॲप नाही'. प्रत्येक नावापुढे हिरवे बटण. त्या बटणामागच्या दुव्यात एक खूणक्रमांक लपलेला असतो, त्यावरून गिऱ्हाईक कोणत्या लेखातून आले हे कंपनीला कळते. मोबदला साधारण दोन रीतींनी ठरतो. एक, पैसे भरणाऱ्या दर नव्या गिऱ्हाइकामागे ठोक रक्कम. दुसरी, त्या गिऱ्हाइकाकडून कंपनीला जे निव्वळ मिळेल त्यात टक्केवारीने वाटा. आणि कंपनीला निव्वळ मिळते ते गिऱ्हाईक हरते तेव्हाच. महिनाअखेर वाचक जिंकलेला असेल तर लेखकाच्या खात्यात काही पडत नाही, कित्येक करारांत ती उणी रक्कम पुढच्या महिन्यात ओढली जाते. या धंद्यात अशा लेखकाला ॲफिलिएट म्हणतात. मराठीत त्याला दलाल म्हणतात.

दलाल हा शब्द मी शिवी म्हणून वापरलेला नाही. बाजारपेठेच्या गावात वाढलेल्या माणसाला दलालीचे वावडे नसते. अडत्याशिवाय आमच्या मार्केट यार्डात कांद्याचे एक पोते हलत नाही. पण याच बाजारांचा इतिहास या वादात आपल्याला उपयोगी पडणारा आहे. जुन्या काळी शेतमालाचा सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि खरेदीदार हातावर कापड टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून फक्त कापड हलताना बघत असे. बाजार नियमनाच्या कायद्यांनी, आपल्याकडे १९३९च्या मुंबई प्रांताच्या आणि पुढे १९६३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, ही पद्धत मोडून उघड लिलावाची सक्ती केली. कायद्याने अडत्याला हाकलले नाही. त्याच्या हातावरचे कापड काढले. आणि त्याने पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, द्यावी, पट्टीवर हमाली, तोलाई, वाहतूक वेगवेगळी लिहावी, हे बंधन आले. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात पाचशे बारा किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता जेमतेम दोन रुपये पडले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. तो का हळहळू शकला? पट्टी होती म्हणून. वजावटीचा आकडा कागदावर होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आले. सट्ट्याच्या परीक्षणाला पट्टी नसते. वाचकाने भरलेल्या पैशातून लेखकाला किती गेले हे कधीच कोणाला दिसत नाही. सौदा रुमालाखालीच होतो.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेतो, आणि त्यांतला सर्वांत भक्कम आधी. बंदीच्या बाजूचे लोक म्हणतात की बेकायदा गोष्टीच्या परीक्षणाला प्रामाणिकपणाची कसोटी लावणे म्हणजे हातभट्टीच्या दारूला शुद्धतेचा दाखला मागणे होय. असे निकष ठरवल्याने त्या धंद्याला उगीच प्रतिष्ठा मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मला ते अस्वस्थ करते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, कौशल्य की नशीब हा भेद न करता, पैशाचे सगळेच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. मोठ्या देशी कंपन्यांनी त्यानंतर आपले पैशाचे खेळ थांबवले, हेही खरे. मग उरले काय?

उरले ते परदेशांतून चालणारे, आणि त्यांच्यापर्यंत जायची वाट दाखवणारा मजकूर. सरकारने हजारावर संकेतस्थळे आणि ॲप रोखली आहेत. रोखलेले नाव एखादे अक्षर किंवा आकडा बदलून पुन्हा उभे राहते, आणि नवा पत्ता वाचकाला सांगण्याचे काम 'परीक्षण'च करते. देशी नावे गेल्यामुळे या मजकुराचे महत्त्व वाढलेच आहे, कारण अनोळखी नावावर विश्वास बसायला कोणीतरी मध्यस्थ लागतो. शिवाय जाहिरातदाराला शिक्षा देणारे कायद्याचे कलम 'जाहिरात' या शब्दावर उभे आहे. जाहिरात कशाला म्हणायचे, हे ठरवल्याशिवाय ते कोणाला लागू करणार? क्रिकेटपटूचा फलक ओळखता येतो. 'आमच्या तज्ज्ञांनी तीस ॲप तपासली' अशी सुरुवात करणारा दोन हजार शब्दांचा लेख कोण ओळखणार? म्हणजे परीक्षणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न हा बंदीला पर्याय म्हणून पुढे केलेला नाही. बंदी ज्या फटीतून गळते ती फट हीच आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हे आधीच ध्यानात आले होते. ऑक्टोबर २०२२च्या सूचनेत मंत्रालयाने स्पष्ट म्हटले होते की परदेशी सट्टा कंपन्या वृत्तसंकेतस्थळांचा आडोसा करून आपली जाहिरात करीत आहेत. बातमीची वेशभूषा हाच त्यांचा परवाना होता.

हे आज प्रथमच घडते आहे असे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे पेव फुटले होते. बंगळूरला छापले जाणारे एक इंग्रजी साप्ताहिक मुंबई राज्यात खपत होते, आणि त्यातल्या कोड्याचे प्रवेशपत्र व शुल्क हाच त्या व्यवहाराचा कणा होता. बाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांच्या स्पर्धाही आपल्या कक्षेत याव्यात म्हणून मुंबई राज्याने आपला कायदा सुधारला, तेव्हा चालकांनी व्यापारस्वातंत्र्याचा दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, न्यायालयाने ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापासून स्मृतींपर्यंत दाखले देत निर्णय दिला की जुगार हा व्यापार नव्हेच. पण त्या निकालातली मला आज महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरी आहे. पत्र बाहेर छापले जाते, हा बचाव टिकला नाही. वाचक जिथे पैसे भरतो तिथे जबाबदारी येते, असे न्यायालयाने पाहिले. आज बंगळूरच्या जागी कुरासाव आहे, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातल्या लोकांकडून येतो. ते म्हणतात, कोणते वृत्तपत्र जाहिरातीवर जगत नाही? पुस्तकाचा परीक्षक फुकट प्रत घेतो, मोबाइलचा परीक्षक कंपनीने पाठवलेला संच वापरतो, पर्यटनाचा लेखक हॉटेलच्या खर्चाने राहतो. मग एकट्या सट्ट्याच्या परीक्षकावरच बोट का? मोबदला घेतला म्हणजे माणूस खोटेच लिहितो असे नाही, हे मला मान्य आहे. स्वच्छ हातांनी लिहिलेली भिकार परीक्षणे आणि कंपनीच्या खर्चाने लिहिलेली चोख परीक्षणे, दोन्ही मी छापली आहेत. पण मोबदला मिळतो की नाही, याहून मोठा प्रश्न तो कशाचा मिळतो हा आहे. पुस्तकाच्या परीक्षकाने शिफारस केली आणि वाचकाला पुस्तक आवडले, तर परीक्षक, प्रकाशक आणि वाचक तिघांचेही भले होते. मोबाइल चांगला निघाला तर तसेच. सट्ट्याच्या टक्केवारीच्या करारात मात्र वाचकाचे भले झाले की लेखकाचे नुकसान होते. परीक्षक आणि वाचक यांचे हित असे समोरासमोर उभे असलेला दुसरा कोणता परीक्षणाचा प्रकार आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. वैद्यकीय क्षेत्रातली कट प्रॅक्टिस आपण निंद्य मानतो. २००२च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याची डॉक्टरांना मनाई आहे. तिथेही निदान रुग्ण बरा झाला म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरचा कट बुडत नाही. इथे बुडतो.

शेअर बाजारात काय झाले ते पाहा. एखाद्या कंपनीचा शेअर घ्या म्हणून सांगणाऱ्या विश्लेषकाने त्या कंपनीत आपला हितसंबंध आहे काय, तिच्याकडून काही मोबदला घेतला काय, हे अहवालातच उघड करावे, असा नियम सेबीने २०१४ साली केला. शेअर घेणे कायदेशीर आहे, सल्ला देणेही कायदेशीर आहे, तरी उघड करण्याची सक्ती आहे. जो व्यवहार बेकायदा आहे त्याच्या सल्लागाराने तेवढेही करू नये?

तिसरा मुद्दा आहे तो वाचकाच्या शहाणपणाचा. 'माणसे काही दूधखुळी नाहीत. मटका लावणाऱ्यालाही ठाऊक असते की आकडा लागतो तो शंभरातल्या एखाद्याला.' सोलापूरला मटका समजावून सांगायला नको. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या दरांच्या आकड्यांवर पैसे लागत आणि ते दर येणे थांबल्यावर मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढण्याची प्रथा पडली, हा इतिहास मुंबईचा असला तरी कापसावर आणि गिरण्यांवर वाढलेल्या आमच्या गावाला तो घरचा वाटतो. मी मटक्याचा कैवार घेत नाही. त्याने बुडालेली घरे मी पाहिली आहेत. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चिठ्ठी लिहिणारा माणूस चिठ्ठी लिहिणाराच होता. तो पानटपरीच्या आडोशाला बसे, त्याला कमिशन मिळते हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे, आणि 'मी स्वतंत्रपणे तपासून सांगतो की हा बुकी चोख आहे' असे तो कधी म्हणाला नाही. आजचा परीक्षक त्याच कमिशनवर बसून संपादकाचा अंगरखा घालतो. वाचक शहाणा असतो हे खरे, पण शहाणपणाला चालवायला माहिती लागते, आणि इथे नेमकी तीच काढून घेतलेली असते.

हे मी तर्काने सांगत नाही. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. वय चोवीस, बारावी झालेला, हिशोबाला पक्का. मीटरमागे मजुरी किती सुटते हे तो तोंडी सांगतो. दोन हंगामांपूर्वी तो माझ्याकडे मोबाइल घेऊन आला. "बघा की ओ काका, सगळं लिहिलंय की इथं. हजार भरले तर हजार फुकट देतात." मी ते परीक्षण त्याच्याबरोबर ओळ न ओळ वाचले. बोनसची स्तुती करायला चार परिच्छेद खर्ची घातले होते आणि तो मिळवण्याची अट एका ओळीत होती: रोलओव्हर दहा पट, भरणा आणि बोनस दोन्हींवर, किमान भाव अमुक. रोलओव्हर म्हणजे काय ते लेखात कुठेही सांगितले नव्हते. त्याचा साधा अर्थ असा की हजार भरणा आणि हजार बोनस मिळून दोन हजार, त्याच्या दहा पट म्हणजे वीस हजार रुपयांच्या पैजा लावून झाल्याशिवाय त्यातला पैसा काढता येत नाही.

आम्ही वहीच्या पानावर हिशोब मांडला. दोन तुल्यबळ संघ, दोघांचाही भाव १.९०, म्हणजे जिंकल्यास शंभराचे एकशे नव्वद. एका माणसाने एकावर शंभर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर शंभर लावले, तर कंपनीकडे दोनशे आले. कोणीही जिंको, तिने एकशे नव्वद द्यायचे. दहा रुपये तिचे, म्हणजे शंभराला पाच. वीस हजारांच्या पैजांवर शंभराला पाच म्हणजे सरासरीने हजार रुपये. फुकट मिळालेला हजार बरोबर तेवढ्यात जातो, आणि अट वीस पट असेल तर स्वतःचा हजारही. एखाद्याला नशिबाने जास्त मिळेल, एखाद्याचे त्याआधीच संपेल. पण हिशोबाचा काटा हाच. मुलगा पानाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे त्यांनी का नाही लिहिलं?" सातवीची टक्केवारी येणाऱ्या कोणालाही हा हिशोब मांडता येतो. बोनसवर चार परिच्छेद लिहिणाऱ्याला तो येत नसेल, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाची तरतूद केली आहे. जुगार एकाच ठिकाणी व्हावा, फासे अध्यक्षाने द्यावेत, फासे बदलणाऱ्याला बारा पण (त्या काळचे नाणे) दंड व्हावा, आणि जिंकलेल्यातून शेकडा पाच वसूल करावेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो शेकडा पाचचा दर खेळायला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. आजही भावात अशीच वजावट दडलेली आहे, पण ती सांगणारा कोणी नाही.

चौथा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. काही जण म्हणतात की वाईट का असेना, पण ही परीक्षणे पैसे बुडवणाऱ्यांना वेगळे काढतात. त्यांच्याशिवाय वाचक थेट टेलिग्रामवर 'आयडी', म्हणजे सट्ट्याचे खाते, विकणाऱ्याच्या हाती सापडेल. पैसे परत मिळतात की नाही ही माहिती मोलाची आहे, आणि फसवल्या गेलेल्या लोकांनी एकमेकांना सावध करण्यासाठी लिहिलेले अनुभव मला या सगळ्या मजकुरात सर्वांत विश्वासार्ह वाटतात. पण ते लिहिणाऱ्याला कोणी पैसे देत नाही, हे ध्यानात घ्या. कमिशनवरच्या परीक्षणात 'आम्ही विड्रॉल तपासला, पाचशे रुपये वीस मिनिटांत आले' असे असते. पाचशे रुपये कोणीही देईल. प्रश्न पन्नास हजारांचा असतो, जिंकल्यावर अचानक कागदपत्रांची तिसऱ्यांदा मागणी होते त्या वेळचा असतो. ते तपासायला परीक्षकाने स्वतःचे पन्नास हजार घालायला हवेत, आणि जिंकायलाही हवे. शिवाय ज्या कंपनीने कमिशन देणे थांबवले ती यादीतून गळते आणि ज्या कंपनीने वाढवले ती वर चढते, अशा यादीतून वाचकाला पैसे बुडवणाऱ्याची ओळख होईल ती केवळ योगायोगाने.

यावर 'तिकडे कायदेशीर आहे म्हणून तिकडे सगळे स्वच्छ आहे' असे सांगणारेही भेटतात. ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर आहे, नियामक आयोग आहे. तिथेही २०१७ साली जाहिरात मानक प्राधिकरणापुढे असे प्रकरण आले की कर्जात बुडालेल्या, पत्नी आजारी असलेल्या एका माणसाने ऑनलाइन कॅसिनोत जिंकून सगळे फेडले, अशी बातमीच्या थाटातली बनावट कहाणी एका ॲफिलिएटने चालवली होती. चार कंपन्यांनी 'आम्ही लिहिले नाही, ॲफिलिएटने लिहिले' असे सांगितले. प्राधिकरणाने ते मानले नाही. ज्याच्यासाठी गिऱ्हाईक आणले जाते तो जबाबदार, असे ठरवले, आणि त्याच महिन्यात त्यांतल्या एका कंपनीने आपली ॲफिलिएट योजनाच बंद केली. तेव्हा परवानगी दिली की लेखन आपोआप सचोटीचे होते, हेही खरे नाही, आणि बंदी घातली की ते थांबते, हेही नाही. लेखनाच्या सचोटीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच सोडवावा लागतो.

आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्याने आपले आर्थिक नाते उघड करणे बंधनकारक केले; पुढच्या वर्षीच्या सूचनांनी हे उघड करणे शिफारशीच्याच भाषेत असावे असे सांगितले. म्हणजे मराठी लेखाच्या तळाशी बारीक इंग्रजीत एक ओळ टाकून सुटका नाही. ग्राहक अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच प्रमाणक काढले, ते ऐच्छिक असले तरी निकष म्हणून समोर आहे. या सगळ्यांत माझ्या दृष्टीने उणीव आहे ती मराठी प्रकाशकांच्या इच्छेची.

हे मी ऐकीव सांगत नाही. निवृत्तीनंतर मी भाषांतराची कामे घेतो. गेल्या वर्षी एका मध्यस्थाकडून असे काम आले: सात परीक्षणे मराठीत करायची, दर माझ्या नेहमीच्या दराच्या तिप्पट, आणि सोबत सूचनांचा कागद. त्यात लिहिले होते की तोट्यांचे मुद्दे दोनपेक्षा जास्त नसावेत, 'जुगार' आणि 'सट्टा' हे शब्द टाळून 'गेमिंग' व 'प्रेडिक्शन' वापरावेत, कायद्याचा उल्लेख करू नये, आणि लेखकाच्या जागी 'संपादकीय चमू' असे लिहावे. मजकूर कुठे जाणार असे विचारल्यावर ज्या संकेतस्थळांची यादी आली, त्यांत सोलापूर, धाराशिव आणि लातूर भागातली बातम्यांची छोटी संकेतस्थळे होती, ज्यांनी आपल्या नावाखालची काही पाने भाड्याने दिली होती. ती चालवणाऱ्यांची ओढाताण मला कळते. जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीवर पोट भरत नाही. पण वाचकाचा विश्वास भाड्याने देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? २००९च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या वृत्तपत्रांना विचारला गेला होता, आणि प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली होती. मी त्या मध्यस्थाला कळवले की काम करीन, पण प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत कमिशनचा उल्लेख, दुसऱ्या ओळीत कायद्याची स्थिती आणि बोनसखाली रोलओव्हरचा हिशोब असेल, आणि लेखाखाली माझे नाव असेल. उत्तर दोन ओळींचे आले. पहिल्या तीन अटी ग्राहकाला मान्य नाहीत. आणि नाव देण्याची गरज नाही.

नावाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८६७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. सार्वजनिक जुगाराचा कायदा त्याच वर्षी झाला आणि मुद्रणालये व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदाही त्याच वर्षी. दुसऱ्या कायद्यामुळे प्रत्येक छापील पत्रावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण आले. आजही वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी ती बारीक ओळ असते आणि संपादकाच्या नावापुढे बातम्यांच्या निवडीच्या जबाबदारीचा उल्लेख असतो. इंग्रजांनी ती सक्ती आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी केली, हे उघड आहे. तरी त्या ओळीमुळे लिहिणाऱ्याला हाक मारता येऊ लागली. आमच्या गावाने त्या नावाची किंमत पाहिली आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. त्यांनी जे लिहिले ते स्वतःच्या नावाने लिहिले.

त्या यंत्रमागावरच्या मुलाने वहीचे पान पाहूनही पुढे पैसे भरले. आधी पाचशे, मग पगारातले, मग मित्राकडून घेतलेले. परवा तो भेटला तेव्हा उधारी फेडत आला होता. मी त्याला विचारले की आता राग कोणाचा येतो. कंपनीचा, तो म्हणाला, मग थांबून म्हणाला, स्वतःचा. आणि ज्याने ते लिहिले त्याचा? त्याने मोबाइल काढला, ते पान उघडले, वरून खालपर्यंत दोनदा सरकवले. तिथे 'संपादकीय चमू' एवढेच होते.